मोरीवरून पाय न टेकवता

कालव्याच्या कडेने सायकलवर महाडहून पोलादपूरकडे जायचं ठरलं, तेव्हा मी घरात एकच अट घातली होती. निघण्याआधी वाटेत राहणाऱ्या कुणालाही फोन करायचा नाही. बायकोने तसा एकच फोन केला. तो तिच्या आत्याला केला. आमचा दिवस तिथेच हातातून गेला.

हायवेने हे अंतर अठराएक किलोमीटर आहे. ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते, म्हणून हायवे मी बाद केला. कालव्याच्या बांधावर पाटबंधारे खात्याच्या गाड्यांसाठी केलेला मुरमाचा रस्ता आहे. तो वळसे घेत जातो, त्यामुळे अंतर पंचवीसच्या आसपास भरतं, पण चढ जवळजवळ नाहीत आणि बाजूला पाणी असतं. मी जानेवारीचा रविवार निवडला. भात कापून झालेलं असतं, वाल फुलाशेंगांवर असतो, ऊन सोसवतं. कुठे थांबायचं, कुठे डबा उघडायचा, थर्मासमधला चहा दोनदा कसा पुरवायचा, सगळं ठरवलं होतं. सावकाश जायचं, पण ठरल्याप्रमाणे सावकाश जायचं, एवढाच माझा आग्रह होता. रात्री सासुरवाडीला मुक्काम आणि सकाळी परत.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आवक पत्रकावर सही करत नाही. साहेब म्हणाले, ड्रायव्हर रडला, गेटवरच्यांनी शपथ घातली, तरी नाही. घरी याची चेष्टा होते. ही सवय पुढे माझ्याच गळ्यात येणार होती, म्हणून आधी सांगून ठेवतो.

बायकोला मात्र या प्रवासातून काही वेगळंच हवं होतं. तिचं माहेर पोलादपूरच्या अलीकडे, कालव्याला लागून असलेल्या वाडीत. ती सातवीत असताना कालव्यात नुकतं पाणी आलं होतं. थोरल्या भावाची सायकल न विचारता घेऊन ती बांधावर शिकायला गेली आणि वाडीच्या तोंडाशी मोरीवरून सायकलसकट पाण्यात पडली. मोरी म्हणजे कालव्यावरचा गाडीवाटेचा सपाट पूल. त्याला तेव्हा कठडा नव्हता, आजही नाही. भाऊ धावत आला तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, डोक्यावर शेवाळ. तो म्हणाला, "बेडकी!" वडिलांनी सायकलला साखळी घातली. ती किल्ली हिच्या हाताला पुन्हा लागली नाही.

ते नाव राहिलं. आमच्या लग्नात राहिलं. मुलगी झाली, ती मोठी झाली, तरी राहिलं. गेल्या वर्षी मुलीच्या साखरपुड्यात भावाने नव्या व्याह्यांसमोर ती गोष्ट साभिनय सांगितली, गालावरून शेवाळ पुसण्यासकट. व्याही हसले. बायकोही हसली. घरी आल्यावर मात्र तिने दागिने काढता काढता मला विचारलं, "मला या वयात सायकल येईल का हो?"

मी तिला रविवारी सकाळी औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यांवर शिकवली. पडली, लागलं, शिकली. मग तिने भावाला फोन करून सांगितलं की आता मी कालव्याच्या रस्त्याने सायकलवर येणार. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं.

"मोरीवरून पाय न टेकवता आलीस ना गो, तर पुन्हा बेडकी म्हणणार नाय. म्हणालो तर ही मिशी उतरवीन."

"मिशी सांभाळ दादा," ती म्हणाली. "तेवढीच उरलीय तुझ्याकडं."

तेव्हा सगळा प्रश्न मोरीचा होता. बाकीचे चोवीस किलोमीटर तिच्या लेखी नव्हतेच.

आम्ही उजाडताना निघालो. पहिले चार किलोमीटर मी म्हटलं तसे झाले. पाणी काठोकाठ, वर धुकं, बांधाला दंव. मी पुढे, ती मागे. मला वाटलं, माणसाने नीट आखणी केली की गोष्टी होतात. पाचव्या किलोमीटरला बांधावर मधोमध एक म्हातारी बाई हातात ताट घेऊन उभी होती. बायकोची आत्या. ताटात कुंकू, तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस.

"थांब गो थांब! दारावरून न बोलता चाललीस?"

"आत्या, घाईत आहे. ऊन होईल."

"ऊन काय आज पहिल्यांदाच होणार हाय? उतर आधी." मग तिने बायकोकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पदर कुठाय तुझा?"

"सायकल चालवायची म्हणून ड्रेस घातलाय. ड्रेसला पदर कुठला?"

"मग ओटी कशात घालू? त्या टोपलीत?" म्हणजे हेल्मेटात.

माहेरच्या वाटेवर भेटलेल्या लेकीला रिकामं जाऊ देत नाहीत, हे मला माहीत आहे. त्याला माझी हरकत नाही. माझी हरकत वजनाला होती. शेवटी आत्याने ओढणीचा झोळ करून त्यात तांदूळ आणि नारळ घातला आणि दोन्ही टोकं बायकोच्या कमरेला घट्ट बांधली. मी म्हटलं, कॅरिअरला पिशवी आहे, तीत ठेवू.

"ओटी पिशवीत?" आत्या माझ्याकडे वळली. "जावयबापू, तुमच्या महाडात पिशव्यांच्या ओट्या भरतात काय? देवापुढं ठेवीपर्यंत ती तिच्या अंगावरच राहायची."

मग चहा आणि पोहे. मला टॉवेल आणि पांढरी टोपी. टोपी हेल्मेटवर बसेना, म्हणून खिशात.

मी हिशेब केला, एक नारळ आणि अर्धा किलो तांदूळ, चालेल. पण आत्याच्या घरातूनच पुढच्या वाडीला फोन गेला होता. तिथे चुलत काकी उभी होती. तिच्या पुढे सासूबाईंची मैत्रीण, जिला बायको मावशी म्हणते. दोघींच्या हातात ताटं. दोघींनीही पदर कुठाय म्हणून विचारलं. दोघींनाही मी पिशवी दाखवली आणि दोघींनी मला आत्यासारखंच पाहिलं. काकीने वर लाल भोपळा दिला. भोपळा ओटीतला नव्हता, त्यामुळे तो माझ्या कॅरिअरला बांधायला परवानगी होती. माझ्या अंदाजाने तो सहा किलोच्या खाली नव्हता. मावशीने वालाच्या शेंगांची गोणपाटाची पिशवी दिली. तीही माझ्याकडे.

"मावशी, गाडी जड होतेय," मी स्पष्ट सांगितलं.

"तुम्ही मुंबईवाल्यांसारखं नका बोलू," ती म्हणाली. "आमची पोरं गणपतीला येतात नि जाताना एक शेंग नेत नाहीत. म्हणतात तिकडं पॅकेटात मिळतं. तुम्ही तर महाडचे ना?"

मी शेंगा भोपळ्यावर बांधल्या.

तीन नारळ कमरेला लावून सायकल चालवून बघावी, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पायडल वर आलं की गुडघा नारळावर आपटतो. बायको गुडघे बाहेर काढून, बदकासारखी चालवत होती. बांधावरचा मुरूम जागोजागी वाहून गेलेला. एके ठिकाणी खात्याने पाइप टाकायला आडवा चर खणून तसाच ठेवला होता, बाजूला फलक होता, त्यावर फक्त "काम चालू" एवढंच, माणूस एकही नाही. एका ठिकाणी फाटक, फाटकाला कुलूप. फाटकाच्या बाजूने म्हशी जातात ती वाट होती. तीच आमची.

मग ओढा आला. तिथे कालवा पाइपातून पलीकडे जातो आणि रस्ता संपतो. खाली उतरून दगडांवरून पलीकडे चढावं लागतं. माझ्या आखणीत इथे दहा मिनिटं होती. बायको आपली सायकल उचलू शकत नव्हती, कारण वाकली की नारळ पुढे येत. मी तिची सायकल नेली, परत आलो, माझी नेली, परत आलो, भोपळा नेला, परत आलो, शेंगा नेल्या. चौथ्या खेपेला माझा बूट पाण्यात गेला आणि मी जे इतका वेळ गिळत होतो ते बोललो.

"ती ओटी सोड. भोपळ्याबरोबर बांधतो. घर आलं की परत बांध. इथे कोण बघतंय?"

ती पलीकडच्या काठावर उभी होती, दोन्ही हातांनी झोळ धरून.

"मी बघतेय ना," ती म्हणाली.

"त्या तिघींपैकी एकीलाही कळणार नाही."

"तुम्ही न बघितलेल्या मालावर सही का करत नाही? ते कुणाला कळतं?"

ओला बूट फचफचत होता. पुढचा किलोमीटरभर ती पुढे होती, मी मागे.

जेवायला आम्ही एका उंबराखाली थांबलो, ठरलेल्या जागेच्या बऱ्याच अलीकडे. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, कांदा. थर्मासमधला चहा कोमट झाला होता. समोर आंबेनळी घाटाकडचे डोंगर निळे दिसत होते. कालव्याच्या पाण्यावर खंड्याने दोनदा सूर मारला, दोन्ही वेळा रिकामा परत आला. दिवसभरात तेवढा वेळ आम्ही खरोखर सावकाश होतो. बायको म्हणाली, "आता मोरी तीन-चार किलोमीटरवर असेल."

"आता उतरून चाललीस तरी चालेल," मी म्हटलं. "एवढं ओझं घेऊन तू बिनकठड्याच्या मोरीवरून जाणार. तोल गेला तर?"

"गेला तर पुन्हा बेडकी. नाहीतरी आहेच." मग ती थांबली आणि म्हणाली, "एक करा. मोरी आली की मागं राहू नका. माझ्याकडं बघा. दादा काहीही बोलेल. तुम्ही बघितलंत म्हटल्यावर तो गप्प बसेल. तुमचा शब्द तो मानतो."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

मोरी दोन वळणांवर राहिली असताना माझी चेन उतरली. भोपळ्याने कॅरिअर खाली दाबला होता, मडगार्ड टायरला घासत होतं, त्यात एका खड्ड्यात चाक आपटलं. मी ओरडलो, "थांब!" पण ती उताराला लागली होती आणि थांबली असती तर पाय टेकावाच लागला असता. ती वळणाआड गेली. मी सायकल आडवी टाकली आणि चेन चढवू लागलो. बोटं काळी झाली. चेन दात पकडेना. मी सायकल उचलून धरली, भोपळा एका बाजूला सरकला, मी भोपळ्याला शिवी दिली. मोठ्या माणसाने भोपळ्याला शिवी द्यावी अशी वेळ माझ्यावर आणली गेली, याचाही मला राग आला.

तेवढ्यात पुढून ध्वप् असा आवाज आला. मग भावाचा मोठा आवाज. मग आणखी एक, बराच मोठा ध्वप्.

मी सायकल सोडून धावलो.

दुसऱ्या वळणावरून मोरी दिसली. बायको पलीकडच्या तोंडाला सायकल धरून उभी होती. कोरडी. कमरेच्या झोळाची गाठ सुटून एक टोक लोंबत होतं. आणि तिचा भाऊ, पन्नाशी ओलांडलेला माणूस, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हातातला नारळ डोक्यावर धरत होता.

काय झालं ते दोघांनी एकाच वेळी सांगितलं. मोरीच्या मध्यावर गाठ सुटली, एक नारळ घरंगळून पाण्यात गेला. ओटीतला नारळ वाहून जाऊ द्यायचा नसतो, म्हणून काठावर मिशीला पीळ देत बसलेल्या भावाने लेंग्यासकट उडी मारली. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

"नारळ पडला तेव्हा टेकवलास पाय!" भाऊ पाण्यातून ओरडला.

"नारळ पडला. पाय नाही पडला."

"मागं वळून बघितलंस ना? बघताना टेकवलास."

"मी मागं बघितलंच नाही दादा. तू उडी मारलीस तेही मी पलीकडं पोचल्यावर बघितलं."

"मी तुझ्याकडंच बघत होतो गो!"

"तू नारळाकडं बघत होतास!"

मग दोघंही माझ्याकडे वळले. "दाजी," भाऊ म्हणाला, "तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मान्य. टेकवला की नाय?"

बायको नुसती बघत राहिली. तिच्या तोंडावर खात्री होती, कारण दिवसभरात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

ती खोटं बोलत नाही, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. टेकला नाही, एवढं म्हणायला मला काय लागत होतं? दोन शब्द. आणि ते बहुतेक खरेच होते. पण मला विचारलं होतं ते काय वाटतं असं नाही, काय पाहिलं असं.

"मी पाहिलं नाही," मी म्हटलं. "माझी चेन उतरली होती."

भाऊ पाण्यातच हसायला लागला. "बघा! नवराच साक्ष देत नाय!" बायकोने सायकल वळवली आणि ती वाडीच्या रस्त्याला लागली.

मला वाटलं, चिखल तरी साक्ष देईल. मोरीवर कालव्याचं पाणी झिरपून ओल होती आणि तीत तिच्या टायरची रेघ उमटली असणार. बाजूला बुटाचा ठसा नसेल तर विषयच संपला. मी वाकून बघायला लागलो. पण भाऊ वर आला आणि पाणी निथळत मोरीच्या मध्यावर जाऊन, "इथं टेकवला, हे इथं," असं दाखवत चारदा फिरला. त्याची ओली पावलं सगळीकडे. मी म्हटलं, अहो जरा बाजूला व्हा. तोवर रेघ गेली होती.

घरी सासूबाईंनी नारळ देवापुढे ठेवताना विचारलं, "हा एकच ओला कसा?" मग ती सगळी गोष्ट पुन्हा झाली. सासूबाई खूप हसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "म्हंजे पाण्यात तूच उतरलास की रे!" बायकोला त्यात आनंद झाला असेल, पण तिने तो मला दाखवला नाही. मला ताट वाढलं, भात वाढला, आणि "वरण घ्या" याच्यापुढे ती माझ्याशी बोलली नाही. माझा मुद्दा बरोबर होता, हे मी तिला सांगायला गेलो. ते सांगायला नको होतं.

सकाळी सासूबाईंनी तांदळाचं पोतं, पापड आणि आणखी एक भोपळा काढला. सायकली आणि हे सगळं एकत्र जाणं शक्य नव्हतं. भाऊ म्हणाला, "टेम्पो काढतो. ओढ्यापर्यंत बांधाने नेतो, तिथून वर येऊन हायवेने महाड." सायकली टेम्पोत चढल्या. सासूबाईंनी बायकोची ओटी भरली. तिने कालचाच ड्रेस घातला होता. नारळ एक, गाठ यावेळी दोन पदरी.

मोरीपाशी आल्यावर ती म्हणाली, "दादा, थांब. माझी सायकल खाली काढ."

काढली. मग ती मला म्हणाली, "तुम्ही पलीकडं जाऊन उभे राहा." आदल्या दिवसानंतर ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

मी मोरी ओलांडून पलीकडे उभा राहिलो. ती मागे गेली, वळली, चढली. मी फक्त तिच्या पायांकडे पाहिलं. पाणी, डोंगर, भाऊ, काही पाहिलं नाही. डावा पाय वर, उजवा खाली, उजवा वर, डावा खाली. मधे एकदा गुडघा नारळावर आपटला आणि हँडल थरथरलं. पाय टेकला नाही. ती माझ्या जवळून पुढे गेली.

"टेकला नाही!" मी मोठ्याने म्हटलं. "मी पाहिलं."

भाऊ टेम्पोच्या स्टिअरिंगवर हात ठेवून आंबेनळीकडे बघत बसला होता. तो मुद्दाम तिकडे बघत होता हे मी शपथेवर सांगू शकतो.

"मी नाय बघितलं, दाजी," तो म्हणाला. "न बघता मी तरी कसं बोलू? तुमचाच कायदा. शिवाय काल तीन नारळ होते, आज एक."

मला राग आला. त्याच्यावर आला, चेनवर आला, माझ्यावरही आला. मी बायकोकडे वळलो. वाटलं, ती परत येईल, सायकल टेम्पोत चढवेल आणि भावाला दोन शब्द सुनावेल. ती परत आली नाही. कालव्याच्या बांधाने महाडच्या दिशेने तशीच पुढे निघाली होती, गुडघे बाहेर काढून, कमरेला ओटी.

माझी सायकल तांदळाच्या पोत्याखाली होती. मी टेम्पोत भावाशेजारी बसलो. मांडीवर भोपळा. तो हळूहळू तिच्यामागे गाडी नेऊ लागला. मुरमावर तिची रेघ सरळ पुढे चालली होती आणि आमचं चाक तिच्यावरून जात होतं.

मग त्याने मिशीवरून हात फिरवला.

"थांबेल की नाय ही? हॉर्न देऊ काय?"

"नको," मी म्हटलं. "थांबली तर पाय टेकावा लागेल."